आबांची इटाली

गुरुवार, ४ एप्रिल २०२४ : रोम

आबा, म्हणजे माझे आजोबा, २०१९च्या हस्तात गेले. पलटणीच्या कागदाप्रमाणे धरलं तर सत्त्याण्णव वर्षांचे होते. ते स्वतः मात्र "एखादं-दुसरं इकडं-तिकडं" म्हणायचे, कारण भरतीच्या वेळी साहेबानं मिशा बघून वय लिहिलं होतं. त्यातली पावणेदोन वर्षं दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेली आणि बाकीचा जवळपास सगळा जन्म खटाव तालुक्यातल्या आमच्या माळावर, औतामागं. तरी गावात कुणी "आबा, लढाईचं काय सांगा की" म्हटलं, की आबा सुरुवात करायचे ती "इटालीत गव्हाला ओंबी अशी पडायची…" इथून. पोरं कंटाळून उठून जायची. मीही त्यातलाच.

तर ही सगळी जागा एकदा बघून यायची, असं अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलं होतं. आबांच्या वर्षश्राद्धापर्यंत पैसे जमले, तोवर करोना आला. मग एक वर्ष आल्याचं पीक गेलं, एक वर्ष उसाची तोड लांबली. शेवटी यंदा अण्णांचा पासपोर्ट हातात पडला. विमानात त्यांनी झोपण्याऐवजी खिडकीतून बघत बसणं पसंत केलं. अंधार होता, तरी.

रोममध्ये सांगण्यासारखं काही नाही. कोलोसियमच्या तिकिटाचा आकडा ऐकून अण्णा म्हणाले, "बाहेरनं दिसतंय की सगळं." खरंच दिसत होतं. भाड्यानं घेतलेल्या मोटारीत स्टिअरिंग डावीकडं, गाडी चालवायची उजवीकडनं, त्यामुळं संध्याकाळभर माझा घसा कोरडा आणि अण्णा शांतपणे बाजूच्या सीटवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडीवर धरून.

शुक्रवार, ५ एप्रिल : कासिनो

रोमहून दक्षिणेला साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर कासिनो. शहराच्या डोक्यावर मॉन्ते कासिनोचा मठ. सहाव्या शतकातला हा मठ १५ फेब्रुवारी १९४४ला दोस्तांच्या विमानांनी बाँब टाकून भुईसपाट केला. आता आपण बघतो तो नंतर पुन्हा बांधलेला. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या डोंगरावर चौथी भारतीय डिव्हिजन झिजली. आबा आठव्या डिव्हिजनमध्ये होते, पहिल्या मराठा पलटणीत, म्हणजे जंगी पलटण. त्या वेळी तिला कागदावर एक-पाच मराठा म्हणत. त्यांची डिव्हिजन इथं नंतर आली आणि ११ मेच्या रात्री खालची गारी नदी ओलांडायला लागली.

ती नदी आम्ही सांत आंजेलोच्या पुलावरून बघितली. आबा सांगायचे, "आपल्या येरळंएवढी नदी. पर पानी बारा म्हैनं, आन् गार किती!" रुंदीला तेवढीच आहे, बरोबर. पण वेग असा, की अण्णांनी टाकलेलं पान आम्ही कठड्याच्या दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत दिसेनासं झालं. रात्री, धुकं आणि धुराच्या पडद्यात, समोरून मशिनगन चालू असताना ही नदी होडीतून ओलांडायची. वडूजच्या पुलावरून येरळेचं कोरडं पात्र बघत वाढलेल्या पोरांनी.

युद्धस्मशानात चार हजारांवर थडगी आहेत आणि ज्यांची थडगीच नाहीत अशांची नावं मधल्या उंच हिरवट शिळांवर. मराठा पलटणींच्या नावांच्या रांगेशी अण्णा बराच वेळ उभे राहिले. जाधव, पवार, शिंदे, मोरे, कदम. आमच्या एसटी स्टँडवर हाक मारली तर निम्मी माणसं वळतील अशी ही यादी. यशवंत घाडग्यांचं नावही तिथंच आहे, कारण त्यांचा देह नंतर सापडला नाही. त्यांच्याविषयी पुढं येईलच.

शनिवार, ६ एप्रिल : सांग्रो

आज देश आडवा ओलांडला. पश्चिमेकडून आपेनाइन डोंगर चढून पलीकडं आद्रियातिक समुद्राकडं उतरलो. आबांचा प्रवास खरा या बाजूनं सुरू झाला. बेळगावात ट्रेनिंग, मुंबईहून बोटीनं बसरा, इराकची वाळू, आणि सप्टेंबर १९४३मध्ये इटलीच्या टाचेला तारांतो बंदर. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो अशा एकामागून एक नद्या, आणि प्रत्येक नदीच्या पलीकडच्या टेकाडावर जर्मन.

सांग्रोला पोचले तेव्हा नोव्हेंबर आणि वरून पाऊस. नदी चढली, टाकलेले पूल वाहून गेले. आबांच्या तोंडी या नदीचं नाव कधी आलं नाही. ते 'राडीची नदी' म्हणायचे. "मातीला चिकटपना असा, बूट वढून घेती. पाय निघतो, बूट तिथंच." आम्ही उतरलो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि पात्र रुंद, गोट्यांचं, मधून दोन-तीन धारा. अण्णांनी काठच्या शेतातलं एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, थुंकी लावून चोळलं. "पोयटा न्हाई. चिकनमाती. पाऊस पडला तर हितं औत घालायचं म्हंजे बैल मारायचा."

तोरिनो दि सांग्रोजवळच्या टेकडीवर इथलं स्मशान आहे. भोवती ऑलिव्ह आणि द्राक्षं. आत एक वेगळं स्मारक आहे ते दहन झालेल्यांचं. हिंदू आणि शीख जवानांना पुरलं नाही, धर्माप्रमाणे अग्नी दिला, म्हणून त्यांना थडगं नाही. पाचशेच्या वर नावं आहेत. आबा इथली एकच गोष्ट सांगायचे, तीही फक्त अण्णांना, तीही एकदाच, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जेवायच्या सुट्टीत. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे. आज त्यांनी ती मला स्मारकाच्या पायरीवर बसून सांगितली. गावचा, म्हणजे आमच्या शेजारच्या गावचा एक जण गेला. लाकूड सगळं भिजलेलं. पेटेना. मग आबा आणि दोघं-तिघं एका द्राक्षाच्या मळ्यात गेले आणि मांडवाचे वाळके डांब उपटायला लागले. घरातून म्हातारी बाहेर आली. तिला वाटलं चोर. तिला खुणेनं सांगितलं काय चाललंय ते. ती आत गेली, आणि घराचं एक दार निखळून, तिनं आणि तिच्या सुनेनं मिळून, ओढत आणून दिलं.

"मांडवाचं डांब उपटायचं म्हंजे त्येंचं तीन वर्साचं पीक गेलं, म्हनले होते आबा," अण्णा म्हणाले. "त्याचंच त्येला लागलेलं जास्त."

स्मशानातून उतरताना मांडव दिसले. अब्रुत्सोत द्राक्षाची वेल डोक्यावर आडव्या तारांवर पसरतात. तेन्दोने म्हणतात तिला, आणि ती हुबेहूब आपल्या सांगली-तासगावकडच्या जुन्या मांडवासारखी. अण्णा मळ्यात घुसलेच. तारेचं अंतर पावलांनी मोजलं, छाटणीचे डोळे बोटांनी मोजले. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा. मागून येणारा माणूस भोंगा वाजवतोय, आणि अण्णा आतून ओरडतायत, "दोन डोळ्यांवर छाटत्यात रं हितं!"

रविवार, ७ एप्रिल : मोन्तोने

दिवसाचा निम्मा भाग गाडीत. उंब्रियात शिरल्यावर डोंगर मऊ झाले. रोम पडल्यानंतर जून १९४४मध्ये आबांची डिव्हिजन इथंच, पेरुजाच्या आसपास होती. महिन्याभरात तिला बाजूला काढून दहावी डिव्हिजन पुढं घातली. त्या दहाव्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची तिसरी पलटण, आणि तिसऱ्या पलटणीत नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे.

१० जुलै १९४४. तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. सेक्शन कमांडर घाडगे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले. ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथंच पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मोन्तोने हे टेकडीवरचं तटबंदीचं छोटं गाव. तिथं जुलै २०२३मध्ये त्यांच्या नावानं स्मारक झालं. स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे, पुतळा नाही. मला ते आवडलं, अण्णांना नाही. "वळख पटत न्हाई मानसाची," म्हणाले. माणगावचा पुतळा त्यांनी बघितलाय, तो त्यांच्या मते बरा. इटलीत झालेल्या लढायांसाठी एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैन्याला. आणि मेलेले भारतीय ५,७८२. घाडग्यांचं निदान नाव तरी राहिलं.

मुक्काम गावाबाहेरच्या एका शेतघरात. दगडी घर. खाली पूर्वी गोठा, वर माणसं राहायची. आता गोठ्यात जेवणाची टेबलं मांडलीत. आबा हेच सांगायचे, "खाली जनावरं, वर मानसं. थंडीत गोठ्याची ऊब वर चढती." मालकाच्या म्हाताऱ्या आईशी फोनमधल्या भाषांतरावर थोडं बोलणं झालं. तिच्या वडिलांची ही जमीन नव्हतीच. ते निम्म्या वाट्यानं करायचे. मेझ्झाद्रिया म्हणतात त्या पद्धतीला. पिकेल त्यातलं अर्धं मालकाला. १९६४च्या कायद्यानं नवे असे करार बंद झाले.

हे ऐकून अण्णा उठून बसले. आबा इथून गेले तेव्हा तेही निम्म्यानंच करत होते. लढाईहून १९४६ला सुटून आले, हातात आलेल्या पैशातून म्हसवडच्या बाजारातून खिल्लार जोडी घेतली, पण जमीन दुसऱ्याची. कूळ कायदा आला १९४८ला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारा तो मालक. पण मालकानं "हा कूळच नव्हे, हा गडी" अशी तक्रार लावली. तारखेला आबा वडूजला गेले ते धोतर, कोट आणि कोटावर सगळी पदकं लावून. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी. समोरच्या वकिलानं विचारलं, हे कशाला? आबा म्हणाले, "साहेब, निम्म्या वाट्याची शेती मी इटालीत बी बघितली. गडी कोन आन् कूळ कोन, मला कळतं." निकाल काय त्यामुळं लागला नाही, पीकपाहणीला नाव होतं म्हणून लागला. पण सांगताना आबा पीकपाहणीचं नाव कधी घ्यायचे नाहीत.

म्हातारीला हे भाषांतर करून ऐकवलं. किती पोचलं कोण जाणे. तिनं अण्णांच्या ताटात आणखी पाव वाढला.

सोमवार, ८ एप्रिल : बैल आणि चित्र

आबांच्या गोष्टीतला जो भाग आम्ही लहानपणी थाप समजायचो, तो म्हणजे इटलीचे बैल. "मानसापेक्षा उंच. पांढरं शुभ्र. खिल्लार त्येच्यापुढं गोऱ्हा वाटंल." १९४४च्या जूनमध्ये गव्हाच्या काढणीला त्यांनी ते जुंपलेले बघितले. आबा तेव्हा डोंगरात राशन आणि दारूगोळा वाहणाऱ्या खेचरांवर होते, शेतकऱ्याचं पोर म्हणून. खेचरं बांधली की बैल बघायला जायचे. एकदा म्हणे त्यांनी एका म्हाताऱ्याच्या हातातून कासरा घेऊन दोन तास गाडी हाकली, आणि जमादारानं त्याबद्दल शिक्षा दिली.

अरेत्सोच्या दक्षिणेला किआना नदीचं खोरं आहे, त्यावरून या जातीचं नाव किआनिना. जगातल्या सगळ्यात मोठ्या गुरांपैकी ही एक. मोठा बैल खांद्याशी जवळजवळ सहा फूट भरतो, वजन दीड टनापर्यंत आणि वरही. एका गोठ्याशी विचारून आत गेलो. आबांनी थाप मारली नव्हती. अण्णा सहसा जनावराच्या शिंगाला, वशिंडाला हात लावल्याशिवाय राहत नाहीत. इथं ते दोन पावलं मागं सरले.

मग जवळ गेले. पाठीवर थाप मारली, कातडी चिमटीत धरून बघितली. "औताला कसा हाय, विचार."

मी विचारलं. गोठेवाला हसला. औत केव्हाच संपलं, आता मांसासाठी. फ्लोरेन्सचं ते जाडजूड, हाडासकट भाजलेलं मांस परंपरेनं याच जनावराचं.

मी भाषांतर करायला थोडा वेळ घेतला. अण्णांना कळलं होतं. आमच्याकडं तरी काय, ट्रॅक्टर आल्यापासून खिल्लार औताला कोण धरतो? शर्यतींवरची बंदी उठली म्हणून निदान दावणीला दिसतात. अण्णा गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आबाला हे म्हाईत न्हवतं, ते बरं झालं."

दुपारी मोन्तेस्पेर्तोलीजवळचा मोन्तेगुफोनीचा किल्ला रस्त्यावरून बघितला. जुलै १९४४च्या शेवटी आठव्या डिव्हिजनची माणसं इथं पोचली, तेव्हा आत फ्लोरेन्सच्या संग्रहालयांमधली मोठमोठी चित्रं लपवून ठेवलेली होती. त्यात बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' होतं. आबांनी ती खोली बघितली होती की नाही सांगता येत नाही. "बायामानसांची भिताडाएवढी चित्रं" हा उल्लेख त्यांच्या बोलण्यात होता, आणि नंतर लगेच किल्ल्याच्या विहिरीला पाणी किती खोल होतं हा. ते चित्र आता फ्लोरेन्सला उफिझीत आहे. पण उफिझी सोमवारी बंद.

मंगळवार, ९ एप्रिल : सेनिओ

आज गुढीपाडवा. तारखा मी काढल्या तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं, अण्णांच्या आलं होतं. लुगोजवळच्या खोलीच्या खिडकीत सकाळी सहाला गुढी उभी राहिली. मालकाकडून मागून घेतलेला द्राक्षाचा डांब, आईचं नवं लुगडं, आमचा स्टीलचा तांब्या. कडुलिंबाचा वाळका पाला चटणीच्या डब्यात खाली दडवून आणला होता. विमानतळावर तो डबा मांडीवरून का उतरला नाही, ते आता समजलं.

९ एप्रिल १९४५. सेनिओ ही पण छोटी नदी, पण दोन्ही काठांना पुराचे बांध, दोन-तीन पुरुष उंच. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी खंदक खणलेले. दुपारभर विमानं आणि तोफा, संध्याकाळी पायदळ. जंगी पलटणीच्या कंपनीचा निरोप्या शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. पलीकडच्या बांधावर पोचलेल्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले. जाधवांनी जखमींना एकेक करून, पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरून, अलीकडं आणलं. मग परत गेले. हाताला जखम झाली, टॉमीगन धरवेना, तेव्हा ग्रेनेडवर भागवलं. तीन मशिनगन बंद पाडल्या आणि बांधाच्या माथ्यावर चढून "बोला शिवाजी महाराज की जय" अशी आरोळी ठोकली. ते जगले, १९८४पर्यंत.

आबा त्या संध्याकाळी पाण्यात होते. डाव्या पोटरीत लोखंडाचा तुकडा शिरला तो कायमचा. म्हातारपणी पाऊस यायच्या आधी ठणकायचा, आणि गावात हवामान खात्यापेक्षा त्या पोटरीवर भरवसा जास्त होता. जाधवांबद्दल मात्र ते मोकळेपणानं बोलायचे. "म्या आरोळी ऐकली. तवा वाटलं, आता घरी जायचं."

आल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे, ते बघून बांधावर आलो. वर गवत, खाली फळबागा. पीच, किवी, नाशपाती. एका बागेत माणूस मातीचा थर उकरत होता. मे २०२३च्या महापुरात ही सेनिओ आणि शेजारच्या नद्या बांध फोडून शेतात शिरल्या होत्या, फाएन्झापर्यंत घरं बुडाली. त्याच्या बागेत गाळ अजून तसाच. झाडांची मुळं गुदमरून निम्मी बाग गेली. अण्णांनी त्याचं फावडं घेतलं. मी फोन धरून मधे उभा. त्यांचं बोलणं फोनच्या पुढं धावत होतं. गाळ काढायचा की नांगरून मिसळायचा, यावर दोघांचं पटेना. अण्णांचं म्हणणं, चर खणून पाणी आधी बाहेर काढ, मग गाळ सोनं आहे. त्याचं म्हणणं, चर खणायला परवानगी लागते. "हितं बी?" अण्णा म्हणाले.

तासाभरानं मी आठवण केली, की आपण इथं लढाईची जागा बघायला आलोय. अण्णांनी बांधाकडं बघितलं. वर चढले. दोन्ही काठ नीट न्याहाळले, खिशातून गुढीची साखरेची गाठी काढून एक पाण्यात टाकली, एक त्या शेतकऱ्याला दिली, आणि पुन्हा खाली उतरले.

बुधवार, १० एप्रिल : फोर्ली

सकाळी फोर्लीचं भारतीय सैन्याचं स्मशान. इथंही दहन स्मारक आहे. दगडांवर देवनागरी ॐ. आम्ही नारळ आणला नव्हता, उदबत्ती लावली. फार वेळ थांबलो नाही.

बोलोन्याला विमानतळावर चुलत्यांचा फोन आला. काकांनी विचारलं, "काय काय बघितलं?" अण्णांनी सुरू केलं. मांडवाला तार कितीची, डांब सिमेंटचे की लाकडाचे, छाटणी किती डोळ्यांवर, बैल केवढा, किवीला फुलं कधी येतात. मधेच, "आल्याच्या रानात शेणखत टाकलंस का? ट्रॉली किती?" काका तिकडून म्हणाले, "आरं, आबाची जागा बघितली का न्हाई?"

"मग हे काय सांगतोय?" अण्णा म्हणाले, आणि पुढं पुराच्या गाळाचं सांगायला लागले.